पाट्यांचा बाक परत देताना

प्रिय बाळा,

गाडीचे मागचे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंगच्या एकमेकांवर रचलेल्या वाकड्या पोलादी पट्ट्या, बसल्यात असं तू लिहिलंस, म्हणून गाडीचा फोटो मोठा करून पाहिला. मागची बाजू बसली आहेच, पण डावीकडे जरा जास्त. तेव्हा गाडी सपाट जागी उभी करून दोन्हीकडे एक्सलपासून बॉडीपर्यंतचं अंतर मोज. कधी पाटे चांगले असतात आणि शॅकलचा (पाट्याचं टोक चासीला जोडणाऱ्या कडीचा) रबरी बुश झिजलेला किंवा चासीवरचा ब्रॅकेट गंजलेला निघतो.

तू एक जादा पाटा घालायचं म्हणतोस, ते मला अजिबात पटत नाही. मागची बाजू वर येईल खरी, पण गाडी कडक होईल आणि प्रत्येक खड्डा पाठीला कळेल. पाट्याचा कडकपणा लांबी, रुंदी आणि जाडीवर ठरतो; त्यातही जाडीवर फार. 6 मिमीच्या जागी 7 मिमीचा पाटा घातला की त्या पाट्याचा कडकपणा जवळजवळ 1.6 पट होतो. तुझ्या पाट्यांची जाडी शाबूत असेल तर कडकपणाही शाबूत आहे. गेलाय तो बाक, म्हणजे पाट्याची कमान, आणि तोच परत द्यायचा.

पाटे खोलताना जॅकवर विसंबू नकोस, चासीखाली स्टँड लाव. पाट्यांच्या मधोमध आरपार जाणारा सेंटर बोल्ट सैल करण्याआधी दोन्ही बाजूंना मजबूत क्लॅम्प आवळ. पाटे एकमेकांवर दाबून बसवलेले असतात, बोल्ट निघाला की उसळतात. हे वाचून पुढे जाऊ नकोस, खरंच कर. नाहीतर मला इथे झोप लागायची नाही.

मग एकेक पाटा ब्रशने साफ करून वरची, आतल्या बाकाची बाजू नीट बघ. वजन पडलं की ताण तिथेच येतो आणि गंजाच्या खड्ड्यातून तडा सुरू होतो. तडा दिसला तर तो पाटा बाद, वेल्डिंगचा विचारही नको. गॅसची ज्योत लावून वाकवणाऱ्याकडेही देऊ नकोस; तेवढ्या जागेचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कठीणपणा, उतरतं आणि पाटा पुन्हा बसतो. एक तर प्रेसवर थंडच, थोडं थोडं सरकवत बाक द्यायचा, नाहीतर अख्खा पाटा भट्टीत तापवून, वाकवून, तेलात विझवून पुन्हा बेताचा तापवायचा. खालचा प्रत्येक पाटा वरच्यापेक्षा किंचित जास्त वाकलेला हवा, म्हणजे त्याची टोकं वरच्याला घट्ट टेकतात. बाक दिल्यावर पाटे एकदा पूर्ण दाबून सोडायला सांग. जे थोडं बसायचं ते तिथेच बसेल. माप त्यानंतर घे.

पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घाल, जुने ताणलेले असतात. रबरी बुशचे बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळ. हवेत आवळलेस तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. थोडी चालवून झाली की यू-बोल्ट पुन्हा बघ, आणि डाव्या-उजव्या बाजूची मापं मला कळव.

तुझी,
आई