पुस्तकं परत करायची सकाळ

दांडिया बाजार, वडोदरा

चि. सोनू,
अनेक आशीर्वाद.

वाचनकट्ट्यासाठी तू केलेली यादी मिळाली. स्वातंत्र्य, जुलूम, प्रतिकार या विषयावरची इतकी पुस्तकं तुम्ही मुलं एकत्र बसून वाचणार, याचा मला फार आनंद झाला. त्यातली काही मी वाचलेली आहेत आणि वाचताना माझी झोप उडाली होती. तरी एक गोष्ट मनात राहिली म्हणून पत्र लिहिते आहे. फोनवर तू "बघतो गं आई" म्हणून मोकळा होतोस.

तुझ्या यादीतला प्रत्येक जुलमी माणूस लांबचा आहे. त्याचा देश वेगळा, भाषा वेगळी. त्याच्यावर चिडताना आपल्याला पदरचं काही खर्चावं लागत नाही. म्हणून माझी इच्छा आहे की तुमची सुरुवात बडोद्यात घडलेल्या एका गोष्टीपासून व्हावी. बाबासाहेब आंबेडकरांनी ती स्वतःच लिहून ठेवली आहे, 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या छोट्याशा टिपणात. एका बैठकीत वाचून होईल इतकं ते लहान आहे.

पार्श्वभूमी तुला ठाऊक आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली आणि बदल्यात दहा वर्षं संस्थानाची नोकरी करायची असा करार झाला. १९१७ साली ते परतले. त्यांचं सामान दुसऱ्या जहाजानं येत होतं. ते महायुद्धात बुडालं आणि त्याच्याबरोबर पुस्तकंही गेली. भरपाईचे सहाशे रुपये मिळाले, तेव्हा कुठे बडोद्याला यायची सोय झाली. इथे आल्यावर पहिला प्रश्न होता, उतरायचं कुठे? हिंदू खाणावळीत जागा मिळणार नव्हती. शेवटी पारशी नाव घेऊन ते एका पारशी धर्मशाळेत उतरले, राहण्याजेवणाचा दर दिवसाला दीड रुपया. वरच्या मजल्यावर मोठा अंधारा दिवाणखाना, वटवाघळं, आणि उजेडाला एक कंदील. त्या एकटेपणात ते पुस्तकं वाचत बसत.

अकराव्या दिवशी सकाळी जेवून, कपडे करून ते कचेरीला निघाले होते. आदल्या दिवशी ग्रंथालयातून आणलेली पुस्तकं परत करायची म्हणून ती उचलत होते. तेवढ्यात जिन्यावर पुष्कळ पावलं वाजली. हातात काठ्या घेतलेले दहाबारा लोक वर आले होते. धर्मशाळा बाटवलीस म्हणाले, संध्याकाळपर्यंत चालता हो म्हणाले. बाबासाहेब ओळखीच्या दोघांकडे गेले. एक हिंदू होता. तो म्हणाला, तुम्हाला ठेवून घेतलं तर माझे नोकर निघून जातील. दुसरा ख्रिश्चन होता, त्यानं बायकोला विचारून सांगतो म्हणून टाळलं. मग रात्रीच्या मुंबईच्या गाडीपर्यंतचा वेळ त्यांनी कामाटी बागेत काढला. तिथे बसून आईवडिलांची आठवण येत होती, असंही त्यांनी लिहिलंय. विलायतेहून एवढं शिकून आलेला माणूस, आणि लहान मुलासारखी आईबापांची आठवण काढत बागेत बसलेला. मी आई आहे रे. ती ओळ मला एका दमात वाचता येत नाही.

या प्रसंगात कुठलाही काळा कायदा नाही, हे तू नीट बघ. गादीवरचा राजा त्यांच्या बाजूनं होता. त्या राजानं १८८२ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढल्या होत्या, १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं होतं. १९१० मध्ये बॉर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय सुरू केलं, गावोगावी पुस्तकांच्या पेट्या पाठवल्या. (तू लहानपणी मांडवीजवळच्या ज्या इमारतीत काचेच्या फरशीवर चालायला घाबरायचास, ती नंतर बांधलेली.) आपण बडोद्याचे मराठी लोक महाराजांचं नाव अभिमानानं घेतो. घ्यायलाच हवं. पण त्याच शहरात ग्रंथालयाचं दार उघडं होतं आणि राहायला खोली नव्हती. पुस्तक हातात देता येतं. शेजार कुणी हुकमानं देऊ शकत नाही. राजवाड्यातून निघालेली सुधारणा धर्मशाळेच्या जिन्यापर्यंतसुद्धा पोचली नव्हती.

म्हणून मी म्हणते, या विषयावरचं पुस्तक हातात घेतलंस की ते कुणी अडवलं हे आधी शोध. सरकारनं अडवलेलं पुस्तक ओळखणं सोपं असतं, त्याला हुकूम असतो, तारीख असते. खाडिलकरांचं 'कीचकवध' नाटक १९०७ चं. कीचकात लोकांना व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन दिसला आणि १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. आपल्या संस्थानातल्या नरसिंहभाई पटेलांनी वनस्पतींच्या औषधांचं नाव देऊन गुजरातीत एक पुस्तक काढलं, आत बॉम्ब तयार करायची माहिती. त्यांना हद्दपार व्हावं लागलं. महाराजांवर इंग्रजांचा डोळा होता आणि त्यांच्या कारभारालाही तेव्हा इंग्रजांच्या मर्जीनं वागावं लागलं, हेही लपवायचं कारण नाही. अशा गोष्टी सांगताना अंगात बळ येतं. तुमच्या कट्ट्यावर त्यांच्यावर खूप बोलणं होईल, ते व्हावंच.

पण दुसऱ्या प्रकारचं अडवणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण ते आपल्या माणसांकडून होतं आणि त्याचा कागद मागे राहत नाही.

जोतीराव फुल्यांचं बघ. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना. पुण्यात बसून त्यांनी समुद्रापलीकडे सोयरे शोधले, कारण इथे ते फार थोडे होते. पुढे १८८३ मध्ये 'शेतकऱ्याचा असूड' लिहून झाला. त्याची पहिली दोन प्रकरणं 'दीनबंधू'त आली आणि पुढची छापली गेली नाहीत. 'दीनबंधू' तर सत्यशोधक चळवळीचंच पत्र! तोच ग्रंथ विशीतल्या सयाजीरावांनी जोतीरावांकडून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचवून ऐकला. शेतकऱ्याला लुबाडणाऱ्या अधिकाऱ्यांवर आसूड ओढणारं पुस्तक, आणि ऐकणारा स्वतः राज्यकर्ता. महाराजांच्या सगळ्या इमारतींपेक्षा मला हे मोठं वाटतं.

ताराबाई शिंद्यांची गोष्ट तर आपल्या शेजारच्या सुरतेपासून सुरू होते. १८८१ मध्ये विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला तिथल्या कोर्टानं बालहत्येसाठी फाशी सुनावली. पुढे ती शिक्षा कमी झाली. पण त्या निमित्तानं वर्तमानपत्रांतून सरसकट बायकांवर जी चिखलफेक झाली, तिला उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. पाचशे प्रती निघाल्या. त्यावर टीका इतकी झाली, तीही सत्यशोधकांमधल्या काहींकडून, की जोतीरावांना त्यांच्या बाजूनं लेखणी उचलावी लागली. ताराबाईंचं त्यानंतरचं पुस्तक नाही. बंदीचा हुकूम नव्हता, जप्ती नव्हती, तरी एक लिहिती बाई गप्प झाली. तुमच्या गटात मुलं जास्त आहेत असं तू म्हणालास, तेव्हा हे पुस्तक मोठ्यानं वाचा आणि मधेमधे थांबून एकमेकांच्या घरात काय चालतं ते बोला. आपल्या घरातलंही बोल. माझी हरकत नाही.

आणि १९३६. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. लेखी भाषण हातात पडल्यावर काही भाग गाळा म्हणून सांगितलं. त्यांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि अधिवेशनच रद्द झालं. मग त्यांनी स्वतःच्या खर्चानं दीड हजार प्रती छापल्या. अडवणारे कोण होते, तर जात मोडायला निघालेले सुधारक. त्यांची भीती समजून घ्यायला मला वेळ लागला. ती वाईट माणसांची भीती नव्हती. बोलवायला आपण तयार असतो, पूर्ण ऐकायला नसतो. त्या हिंदू मित्राचंही तेच झालं असेल. मैत्री होती, खोली नव्हती.

तू म्हणशील, आता तसं राहिलं नाही. कायदे आले, पुष्कळ बदललं, खरं आहे. पण तू पुण्यात खोली शोधत होतास तेव्हा तुला आडनाव विचारलं आणि लगेच किल्ली दिली. तुझ्या मित्राला तेच विचारून "कळवतो" म्हणाले. तू मला हे सहज सांगितलंस आणि पुढच्या विषयाकडे वळलास. तिथे वळू नकोस. तुझ्या यादीतलं कुठलंही पुस्तक तुला त्या घरमालकाच्या दारापाशी नेतंय का, ते बघ. नेत नसेल तर पुन्हा वाच.

पार्सलात बाबासाहेबांचं टिपण, त्यांचं लाहोरचं न झालेलं भाषण आणि ताराबाई ठेवल्या आहेत. 'असूड' जाडा आहे, माझ्या खुणाही आहेत त्यात, तो दिवाळीत आलास की घेऊन जा. खाली चिवड्याचा डबा आहे, तो पुस्तकांवर ठेवू नकोस, तेल लागेल. आणि त्या मित्राला खोली मिळाली का, ते कळव. नसेल मिळाली तर तुझ्या खोलीत आणखी एक गादी मावते. भाड्याचं मी बघते.

तुझी
आई