मॅडम, पहिला पंचनामा माझाच होता

वनरक्षक मॅडम,

नमस्कार. तुमची बदली झाल्याचं परवा चहाच्या टपरीवर कळलं. घरी येऊन आत्याला सांगितलं तर म्हणाली, "गेली? न जेवता?" म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय, कारण समोर बसवून बोलायला गेलो असतो तर तुम्ही "अहो ड्युटी होती ती" म्हणून गाडीला किक मारली असती. तुमचं नाव टाकत नाही, तुम्हाला आवडणार नाही, आणि दापोली तालुक्यात खाड्या काही कमी नाहीत, ज्यांना ओळखायचंय ते ओळखतीलच.

आधी माझी कबुली. होमस्टेसाठी घरामागे दोन खोल्या वाढवल्या तेव्हा जुनं न्हाणीघर फोडलं होतं आणि त्याचा राडारोडा, फुटक्या फरश्या, चिऱ्याचे तुकडे, सगळं मिळून तीन ट्रॉल्या मी मागच्या तिवरात, म्हणजे खाडीकाठच्या कांदळवनात, ओतल्या. सगळेच ओततात, मीही ओतलं, डोक्यात दुसरा विचारच नव्हता. दुसऱ्याच दिवशी तुम्ही गमबूट घालून हजर. मी ऐटीत म्हटलं जागा आमची आहे, सातबारा दाखवू का. तुम्ही म्हणालात दाखवा की, पण मुंबई हायकोर्टाने २००५ लाच सांगून ठेवलंय की जमीन कुणाच्याही नावावर असो, कांदळवन तोडायचं नाही, भराव टाकायचा नाही, आणि भोवतीच्या ५० मीटरमध्ये बांधकाम पण नाही, २०१८ च्या निकालात तेच कायम झालंय. मग मी एका पुढाऱ्याला फोन लावला. त्याने उचलला नाही, हे माझं नशीब. तुम्ही शांतपणे मोबाईलवर लोकेशन घेतलं, फोटो काढले, पंचनामा केला आणि म्हणालात, स्वतःच्या खर्चाने उचला.

ट्रॅक्टर चिखलात शिरेना, म्हणून दोन दिवस घमेल्याने उपसलं. त्या दोन दिवसांत तुम्हाला किती शिव्या घातल्या ते इथे लिहीत नाही. पण राड्याखालून कांदळाची रोपं निघाली, हिरव्या सुरीसारखी, काही मोडलेली काही तशीच सरळ, आणि तुम्ही काठावर उभ्या राहून सांगितलंत की ह्याचं बी झाडावरच रुजतं आणि मग खाली चिखलात सुटतं. चाळीस वर्षं त्या झाडांच्या शेजारी राहतोय मी, मला माहीत नव्हतं. पांढरी चिप्पी हा २०२० पासून महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष आहे हेही तेव्हाच कळलं, आम्ही तिच्या फांद्यांना होडी बांधतो आणि वर तिलाच शिव्या देतो की वाटेत येते.

आता मोठ्या भरावाचं. तो कोणी टाकला ते लिहीत नाही, केस चालू आहे. त्याने एकही झाड तोडलं नाही हे लक्षात घ्या. त्याने फक्त खाडीकडून आत येणाऱ्या ओहळाच्या तोंडावर लाल मातीचा बांध घातला आणि गावात सांगितलं की जुन्या खारबंधाऱ्याची दुरुस्ती चाललीय. आता खारबंधारा आम्हाला काय नवीन आहे का, आजोबांनी खारात भात लावलंय, बंधाऱ्याला उघाडी म्हणजे झडप असते, पावसाचं पाणी बाहेर जातं आणि खारं आत येत नाही. ह्याच्या बांधाला उघाडीच नाही! आणि आत भात नाही, नुसती तिवरं. भरतीचं पाणी थांबलं, पावसाचं तुंबून राहिलं, चिखलातून वर आलेली श्वासमुळं कुजली आणि काही महिन्यांत झाडं उभ्या उभ्या सुकली. मग हाच म्हणणार, बघा, पडीक जागा आहे, इथे समुद्राचं पाणी येतच नाही.

आणि त्याने ते सिद्धपण करून दाखवलं असतं. साहेब लोक पाहणीला आले ती अष्टमी होती, वेळ दुपारी बाराची. आमच्याकडे शाळा सोडलेलं पोरगंही सांगेल, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते, अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे पूर्ण भरती सहाला आणि बारा वाजता ओहोटी. त्यात भांगाचे म्हणजे लहान भरतीचे दिवस, पाणी आधीच कमी. साहेब कोरड्या चपलांनी फिरले आणि मान डोलावून निघाले. आम्ही पंचवीसेक जण उभे होतो, एक बोलला नाही. मीही नाही.

तुम्ही बोललात. तेही भांडून नाही, पंचांग काढून. साहेबांना म्हणालात पुनवेनंतर परत या, अकरा-बाराच्या सुमाराला. आणि ते आले, हे त्यांचंही कौतुक. उधाणाचं पाणी असं चढलं की बांधाच्या बाहेरच्या बाजूला कमरेइतकं आणि आतल्या बाजूला भेगाळलेला चिखल. तुम्हाला काही सांगावंच लागलं नाही.

मग पंचनाम्याला दोन पंच हवे होते. गावात पंच मिळणं म्हणजे काय ते गावात राहणाऱ्यालाच माहीत, भराववाल्याकडे कुणाचा पोरगा कामाला, कुणाचं त्याच्याकडे घेणंदेणं, कुणाला उगाच वाकडेपणा नको. लोक हळूहळू सटकायला लागले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, काही म्हणाला नाहीत, नुसतं बघितलंत, आणि मला माझ्या तीन ट्रॉल्या आठवल्या. सही केली. हात स्थिर होता असं म्हणणार नाही. दुसरी सही आत्याची, म्हणजे अंगठा. तिचं साधं गणित, "पाणीच नाय आलं तं कालवं कुठनं मिळतील?" तीस वर्षं ती कोयती घेऊन ओहोटीला तिथे कालवं, म्हणजे खायचे शिंपले, फोडते, माझी बारावीपर्यंतची फी त्यातूनच गेलीय. शिवाय ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या वाडीतल्या होड्या आम्ही त्याच तिवरात नेऊन बांधल्या होत्या. बाहेर राहिलेल्या दोन फुटल्या, आतल्या राहिल्या. एवढं सगळं माहीत असून सही करायला आम्हाला कुणाच्या तरी बघण्याची गरज लागली, त्याचं काय करायचं मला कळत नाही.

शेजारी वेळास, आंजर्ले, केळशीला कासवांमुळे फॉरेस्टवाल्यांचे फोटो येतात, पिल्लं समुद्रात सोडताना लोक टाळ्या वाजवतात, चांगलंच आहे ते. चिखलाला कोण टाळ्या वाजवणार? वनखात्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून आहे म्हणे, मला तर तुम्ही दारात येईपर्यंत असं काही खातं आहे हेच ठाऊक नव्हतं. तुमच्याकडे किती गावं होती ते तुम्ही एकदा सांगितलं होतंत, मी तेव्हा हसलो होतो, आता हसू येत नाही. तलाठी भाऊसाहेबांनी नकाशा घेऊन उन्हात दोन फेऱ्या मारल्या, त्यांचेही आभार, आणि मोजणीला आलेल्या त्या पोराचेही, ज्याची चप्पल आमच्या चिखलाने कायमची ठेवून घेतली.

आताची खबर द्यायची तर बांध तीन ठिकाणी फोडलाय, पाणी आत जातं. सुकलेली झाडं तशीच उभी आहेत, ती काही परत हिरवी होत नाहीत, बघून वाईट वाटतं. पण त्यांच्या बुडाशी ह्या पावसानंतर रोपं दिसायला लागलीत आणि निवट्या, ते चिखलातले मासे, उड्या मारतायत. गावच्या कांदळवन समितीची मीटिंग झाली, बायका खेकडापालनाचं विचारतायत, आणि वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बायका होडीतून कांदळवन दाखवतात ते एकदा जाऊन बघून यायचं ठरतंय. ठरतंय म्हणजे आमच्याकडे ठरतं तसं. भराववाला मला रस्त्यात बघून तोंड फिरवतो. फिरवू दे.

तुमचे गमबूट आमच्या पडवीत राहिलेत, त्या शेवटच्या पाहणीच्या दिवशी धुवायला काढले होतेत ते. डाव्याला कालवाने चिरलंय, आत्याने सायकलवाल्याकडून पंक्चरचं ठिगळ मारून आणलंय आणि कुणाला हात लावू देत नाही. न्यायला या. पुनवेच्या आसपास या, पण सकाळी नको, पाणी वर असतं, संध्याकाळी पाचच्या ओहोटीला या म्हणजे ती तुमच्यासमोर कालवं काढेल आणि मग जेवूनच जायचं.

तुमचा पंच