कुवेतची ओळख तेलाच्या आधीपासून सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही कुवेतचा परिचय छापलात त्याबद्दल आधी आभार, कारण तिथे आयुष्याची वर्षं घातलेल्या आमच्यासारख्यांना त्या देशाचं नाव पेपरात दिसलं तरी बरं वाटतं. मी 1994 ते 2013 कुवेतमधल्या फहाहीलला होतो, एसी मेंटेनन्सच्या कामात. पण लेख वाचून संपवला आणि मन काही भरेना, म्हणून हे पत्र. वाळवंट, मग तेल, मग उंच बिल्डिंगा, जगातलं सगळ्यात महाग चलन, पगारावर टॅक्स नाही, संपला कुवेत. यातलं चुकीचं काहीच नाही, पण जो देश शेकडो वर्षं समुद्रावर जगला त्याच्यावरच्या अख्ख्या पानात समुद्राचं एक वाक्य नसावं याचं फार वाईट वाटलं.

तेल निघालं 1938 ला, बुरगानला, आणि मध्ये महायुद्ध आल्यामुळे पहिलं जहाज भरून बाहेर गेलं ते 1946 ला. म्हणजे आज तिथे जे ऐंशी-नव्वदीचे म्हातारे आहेत त्यांनी लहानपणी गरिबी बघितलेली आहे. त्यांचे बाप मोत्यांसाठी बुडी मारायचे. उन्हाळ्याचे चार महिने गलबतावरच, पायाला दगड बांधून खाली जायचं, नाकाला चिमटा, गळ्यात शिंपल्यांची जाळी, आणि वरचा माणूस दोर ओढेल तेव्हा वर यायचं, असं दिवसभर. गलबताच्या कप्तानाला ते नोखदा म्हणतात, आपला नाखवा तोच शब्द. हा नोखदा सीझनच्या आधी घरखर्चाला उचल द्यायचा आणि मोती कमी निघाले की ती उचल फिटायची नाही, पुढच्या वर्षी परत त्याच्याच गलबतावर, आणि बाप मेला तर कर्ज पोराच्या डोक्यावर. हे लक्षात ठेवा, मी परत याच्यावर येणार आहे. नंतर जपानचे कल्चर्ड मोती बाजारात आले, वर जगभर मंदी, आणि 1930 च्या आसपास हा धंदा बसला तो बसलाच.

दुसरी गोष्ट पाण्याची. त्या देशात एकही नदी नाही. प्यायचं गोडं पाणी इराकच्या शत्त-अल-अरब नदीतून गलबतात भरून आणायचे आणि गावात पखालींनी विकायचे. समुद्राचं पाणी गोडं करायचा प्लांट आला 1953 ला. तुमच्या लेखात कुवेत टॉवर्सचा मोठा फोटो आहे, खाली नुसतं 'पर्यटकांचं आकर्षण' लिहिलंय, पण त्यातल्या मोठ्या निळ्या गोळ्यांत पाण्याच्या टाक्या आहेत हो! ज्या गावाने पाणी विकत घेऊन प्यायलं त्याने आपली सगळ्यात देखणी वास्तू पाण्याच्या टाकीची बांधली, मला त्या देशाचं हे सगळ्यात आवडतं. बाकी उन्हाचं काय सांगू, 2016 च्या जुलैत मित्रिबाहला 53.9 डिग्री नोंदलं गेलंय, नळाला हात लावला की भाजायचा, आणि एसी बंद पडला म्हणून फोन आला की लहान पोरांचं रडणं फोनवरच ऐकू यायचं.

आणि मुंबई! कुवेतची गलबतं बसऱ्याचा खजूर घेऊन मुंबईला यायची, मोती इथे विकायची, मलबारचं सागवान घेऊन परत जायची, त्याच लाकडाची त्यांची गलबतं. तिथल्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या. 1961 पर्यंत त्या देशात आपला रुपया चालायचा, 1959 ला रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या कारण रुपया देऊन भारतात सोनं चोरून आणणं फार वाढलेलं, आणि मग 1961 ला दिनार आला तेव्हा एका दिनारला सव्वातेरा रुपयांच्या किंचित वर भाव होता. अजून त्यांच्या बोलण्यात जुती, सीदा, अचार असे शब्द येतात. मुबारकियाच्या बाजारात एक म्हातारा दुकानदार मला रुपये-आणे हिंदीत मोजून दाखवायचा, मी 'हिंदी', म्हणजे भारतीय, म्हटल्यावर मला चहा पाजल्याशिवाय सोडायचा नाही.

पैशाचं म्हणाल तर तो त्यांनी नुसता उधळला असं आपल्याकडे सरसकट बोलतात, ते बरोबर नाही. स्वतंत्र व्हायच्याही आधी, 1953 ला, त्यांनी तेलाचा पैसा बाहेर गुंतवायला बोर्ड काढलं, आणि 1976 पासून सरकारी उत्पन्नातला दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी म्हणून बाजूला काढायला लागले. 2 ऑगस्ट 1990 ला सद्दामची फौज घुसली आणि सरकार परदेशात गेलं तेव्हा याच साठ्यावर देश तगला. परत जाताना इराक्यांनी 600 च्या वर विहिरी पेटवल्या, शेवटची विझली नोव्हेंबर 1991 ला. मी तीन वर्षांनी गेलो तरी वाळवंटात तेलाची काळी तळी तशीच होती, वास यायचा. 1990 च्या त्या हल्ल्यानंतर पावणेदोन लाखांच्या आसपास भारतीय अम्मानमार्गे विमानाने परत आणले, त्यातले कितीतरी पुन्हा गेले, मला शिकवणारा सीनिअर त्यातलाच.

संसदेबद्दल तुम्ही दोन ओळी लिहिल्यात, त्यात एवढं हवं होतं की आखाती अरब देशांत निवडून दिलेली सगळ्यात जुनी मजलिस, म्हणजे संसद, यांचीच, 1963 ची, निवडून आलेले 50 जण, आणि ती मंत्र्यांना खरोखर घाम फोडायची, बायकांना मत 2005 ला मिळालं, 2009 ला चार बायका निवडूनही आल्या. मे 2024 ला अमीरांनी ती बरखास्त केली. तिथल्या दिवानियात, म्हणजे घरातल्या पुरुषांच्या बैठकीत, मी एसी दुरुस्त करताना राजकारणावरची भांडणं ऐकलीत, त्यामुळे ही बातमी मला टोचली.

आता मघाची उचल. कुवेतची लोकसंख्या 50 लाखांच्या आत-बाहेर, त्यात कुवेती साधारण एक तृतीयांश, बाकी सगळे बाहेरचे, आणि त्यात आपले 10 लाखांच्या घरात. तुमच्या लेखात हे फक्त 'परदेशी कामगारांचे मोठे प्रमाण' एवढंच. आपला पोरगा एजंटला पैसे भरायला गावात कर्ज काढतो, तिकडे गेल्यावर अकामा, म्हणजे राहायचा परवाना, कफीलच्या, म्हणजे कामावर ठेवणाऱ्या मालकाच्या नावावर, पहिली काही वर्षं नोकरी बदलायची तर त्याची मर्जी, मग पहिली दोन वर्षं नुसतं कर्ज फेडणं. नोखद्याच्या गलबतावरच्या माणसाची गत आणि याची गत, मला तरी फार फरक दिसत नाही. माझा पासपोर्ट पहिल्या कंपनीने सहा वर्षं कपाटात ठेवला होता. जून 2024 ला मंगफला बिल्डिंगला आग लागली, चाळीसच्या वर भारतीय गेले, रात्रपाळी करून आणि दिवसपाळीच्या आधी झोपलेली माणसं. मंगफ माझ्या रूमपासून जवळ, तसल्या खच्चून भरलेल्या खोल्यांत मी एसी लावलेत.

पण चांगलं झालं तेही लिहा. जून ते ऑगस्ट सकाळी 11 ते दुपारी 4 उन्हात काम करवून घ्यायला बंदी आहे. घरकामगारांसाठी 2015 ला कायदा झाला, दिवसाला जास्तीत जास्त 12 तास, आठवड्याची सुट्टी, पुढच्या वर्षी किमान पगार 60 दिनार ठरला. कायदा आहे हेच आपल्या लोकांना माहीत नसतं.

पुढच्या रविवारी कतारचा परिचय आहे असं वाचलं. त्यात निदान एक छोटी चौकट जाणाऱ्यांसाठी द्या, कागदावर काय तपासायचं, कुठे तक्रार करायची. कुवेतच्या लेखात ती असती तर एवढं तरी कळलं असतं की व्हिसा 18 म्हणजे प्रायव्हेट कंपनी आणि व्हिसा 20 म्हणजे खादिम, घरकाम, आणि 20 वाल्याला कंपनीचा लेबर लॉ लागू नाही. माझ्या ओळखीचा एक पोरगा कंपनीत ड्रायव्हर म्हणून आला, व्हिसावर अरबीत 20 लिहिलेलं, त्याला वाचता आलं नाही. दीड वर्ष एका घरी गाड्या धुवायचा, बागेला पाणी घालायचा, आणि शुक्रवारी माझ्या फोनवरून घरी बोलताना आईला सांगायचा की कंपनी चांगली आहे.

आपला,
एक जुना फहाहीलकर