विमा संपल्याची तारीख नीट वाचा

महोदय,

सोलापुरात सात रस्ता किंवा पुणे नाक्यावर पोलिसांनी अडवले, की 'विमा आहे' म्हणून जुना कागद पुढे करणारे बरेच. त्या कागदावर बहुधा दोन तारखा असतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीमुळे इतरांचे झालेले नुकसान भरून देणारा) सक्तीचा आहे; स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र सहसा एकाच वर्षाचा घेतलेला असतो. घोळ होतो तो इथेच. चौथ्या वर्षी आठवण करून द्यायला विक्रेता येत नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ नुसार थर्ड पार्टी विमा बंधनकारक आहे. तो नसल्यास कलम १९६ प्रमाणे पहिल्यांदा २,००० रुपये, पुन्हा सापडल्यास ४,००० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. २०२२ च्या दरपत्रकात हजार सीसीपर्यंतच्या कारचा वार्षिक थर्ड पार्टी हप्ता २,०९४ रुपये (अधिक कर) होता. म्हणजे एक दंड आणि वर्षाचा विमा जवळपास सारखेच! खरा फटका अपघातात बसतो. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ठरवलेली भरपाई मग मालकाच्या खिशातून जाते.

अपघातानंतर काढलेली पॉलिसी मागच्या वेळेला लागू होत नाही. विम्यातला खंड ९० दिवसांपुढे गेला, तर नो क्लेम बोनसही (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जातो. जुनी गाडी घेणाऱ्यांनी १४ दिवसांत पॉलिसी नावावर करण्यासाठी विमा कंपनीला कळवावे. सरकारच्या एमपरिवहन ॲपवर गाडीचा क्रमांक टाकला, की मुदत दिसते.

– एक वाहनविमा सल्लागार, सोलापूर