सुम्पित आणि सुम्पितान

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

बोर्निओतील दयाक लोकांवरचा आपल्या पुरवणीतील लेख मी आवडीने वाचला. त्यात ‘सुम्पित’ म्हणजे बाण फुंकण्याची आखूड नळी आणि ‘सुम्पितान’ म्हणजे लांब नळी, अशी दोन वेगळी शस्त्रे सांगितली आहेत, ते मात्र बरोबर नाही. शस्त्र एकच आहे.

मलय भाषेत ‘मेन्युम्पित’ म्हणजे नळीतून फुंकून बाण मारणे. त्याच्या मूळ ‘सुम्पित’ला ‘आन’ हा प्रत्यय लागून ‘सुम्पितान’ होते. ‘तिम्बांग’ म्हणजे तोलणे आणि ‘तिम्बांगान’ म्हणजे तराजू, त्यातलाच हा प्रकार. आपण गाळण्यावरून गाळणी आणि चाळण्यावरून चाळणी करतो, तसेच हे. शस्त्राला नुसते ‘सुम्पित’ही म्हणतात. फरक पडतो तो दुसऱ्याच ठिकाणी: इंडोनेशियात ‘सुम्पित’ म्हणजे जेवणाच्या काड्याही, त्यामुळे तिथे ‘सुम्पितान’ म्हटले की घोटाळा होत नाही. मलेशियात त्या काड्यांना ‘पेन्येपित’ असा निराळाच शब्द आहे.

नळ्यांमध्ये खरोखर भेद करायचा असेल, तर तो घडणीवरून करावा. मलाया द्वीपकल्पातले सेमाई आणि तेमिआर लोक बांबूच्या नळीत दुसरी बांबूचीच नळी बसवतात. बोर्निओत मात्र कठीण लाकडाचा, साधारण दोन मीटर लांबीचा दांडा लोखंडी सळईने आरपार कोरून काढतात (हे काम किती चिकाटीचे, ते सुतारकाम जाणणाऱ्याला सांगायला नको) आणि पुष्कळदा त्याच्या टोकाला भाल्याचे पाते बांधतात. बाणाला लावायचे विष इपोह नावाच्या झाडाच्या चिकाचे असते आणि ते हृदयावर परिणाम करते. मलेशियातील इपोह शहराचे नाव याच झाडावरून पडले.

लेखात या शस्त्राला ‘फुंकणी’ म्हटले आहे, त्याबद्दलही लिहिणे भाग आहे. घडणीच्या दृष्टीने ‘फुंकणी’ हा ‘सुम्पितान’चा अगदी सख्खा भाऊ; परंतु तो शब्द चुलीपाशी बसून विस्तव फुलवणाऱ्या आपल्या आया-आज्यांच्या हातातल्या नळीचा आहे, आणि तो वाचताच ज्याच्या डोळ्यांपुढे धूर उभा राहतो त्याला शिकारीचे हत्यार कसे दिसणार? म्हणून प्रथम उल्लेखात ‘बाण फुंकण्याची नळी’ असे लिहून पुढे ‘सुम्पितान’ हाच शब्द ठेवावा, अशी विनंती आहे.

आपला,
एक नियमित वाचक