दवाखाना जवळ हवा, आणि संध्याकाळी उघडाही

महोदय,

लोक जिथे राहतात आणि काम करतात, तिथून शक्य तितक्या जवळ आरोग्यसेवा पोहोचली पाहिजे, असे प्राथमिक आरोग्यसेवेविषयीच्या १९७८ च्या आंतरराष्ट्रीय अल्मा-आटा जाहीरनाम्यात म्हटले आहे. तरीही साध्या तापासाठी मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात अर्धा दिवस घालवणे किंवा दुखणे अंगावर काढणे, एवढेच दोन पर्याय अनेकांपुढे उरतात. आधी वेळ न घेता थेट जाता येईल असा वस्तीतला दवाखाना ही कोंडी फोडू शकतो.

उच्च रक्तदाबाचेच पाहा. त्याची लक्षणे बहुधा जाणवतच नाहीत. दंडावर पट्टा गुंडाळून, त्यात हवा भरून १४०/९० किंवा त्याहून मोठा आकडा समोर येईपर्यंत माणूस स्वतःला ठणठणीत समजत असतो. शिवाय एकाच मोजणीवर सहसा निदान करत नाहीत, वेगळ्या दिवशी पुन्हा मोजावे लागते, आणि नेमक्या या दुसऱ्या फेरीला रोजंदारीवरचा माणूस गळतो, कारण त्याचा खाडा होतो. म्हणून दवाखाना नुसता जवळ असून भागत नाही, तो कामावरून परतण्याच्या वेळी उघडा असावा लागतो. (दहा ते पाच ही वेळ कोणाच्या सोयीची, हे कोडे मला सुटलेले नाही.)

अशा दवाखान्यांत दर वेळी नवा डॉक्टर भेटला, तर जुन्या तक्रारीची कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. तेव्हा नवे दवाखाने मंजूर करतानाच रुग्णाच्या नोंदी तिथे कायम राहण्याची आणि गंभीर रुग्णाला चिठ्ठीसह पुढे पाठवण्याची तरतूद व्हावी.

– एक वाचक