भाडं थांबवू नका, वळतं करा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

'दुरुस्ती नाही तर भाडं नाही' हे, मालक दुरुस्ती करत नसेल तर भाडं बंद करा असं सांगणारं, वाचकाचं पत्र आपल्या अंकात वाचलं. संताप रास्त आहे, सल्ला मात्र घातक आहे. पेठेतल्या पडक्या वाड्यात दीडशे-दोनशे रुपये भाड्यानं राहणाऱ्यानं भाडं बंद केलं तर मालकाचं काय बिघडतं? त्याला भाडं नकोच आहे, जागा मोकळी हवी आहे. थकबाकी म्हणजे आपण होऊन त्याच्या हातात दिलेलं कोलीत.

माझी सगळी नोकरी टपाल खात्यात गेली. भाड्याच्या मनीऑर्डरी खिडकीवर घ्यायचो आणि त्यांतल्या कितीतरी 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत यायच्या. चार पैसे घरी चालत आलेले माणूस का नाकारतो, हे समजायला वकील लागत नाही. शहाणे भाडेकरू भाडं देऊ केल्याचा पुरावा म्हणून ते कागद जपून ठेवायचे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ मधलं कलम १५ वाचा. मालकानं लेखी मागणी केली आणि नव्वद दिवसांत थकबाकी भरली नाही, तर त्याला जागेचा दावा लावता येतो. समन्स लागल्यावर आणखी नव्वद दिवस मिळतात, पण तेव्हा वार्षिक पंधरा टक्के व्याजासह सगळं कोर्टात भरावं लागतं. गळकं छप्पर तसंच राहतं.

खरा रस्ता त्याच्याच आधीच्या कलम १४ मध्ये आहे. मालकाला किमान पंधरा दिवसांची नोटीस द्यायची. त्यानंतर वाजवी मुदतीत त्यानं काम केलं नाही तर भाडेकरूनं करून घ्यायचं आणि खर्च भाड्यातून वळता करायचा. आमच्या वाड्यात तेच केलं. मालकांनी कौलं शाकारणं केव्हाच सोडून दिलेलं. आढ्याजवळचे वासे इतके कुजले होते की बोट दाबलं तर भुसा हाताला यायचा, आणि फुटक्या पन्हळीचं पाणी भिंतीत मुरून जिन्यापर्यंत ओल आली होती. सहाही बिऱ्हाडांच्या सह्यांची नोटीस पाठवली. उत्तर आलं नाही (अपेक्षाही नव्हती). मग मिस्त्री लावला. वासे, कौलं, पन्हळ, मजुरी, सगळ्याच्या वेगवेगळ्या पावत्या घेतल्या, कारण भाडेकरूनं ठेवलेला हिशेब आणि पावत्या मालकावर बंधनकारक आहेत, असं हे कलमच म्हणतं. होतं तसंच दुरुस्त केलं. एका शेजाऱ्यांना त्याच खर्चात पोटमाळा काढायचा होता, त्यांना आवरलं. लेखी संमतीशिवाय पक्कं बांधकाम केलं की तेही जागा खाली करून घ्यायला कारण होतं.

आता मेख ऐका. वर्षभरात वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असता कामा नये. आम्हा सहा जणांचं मिळून वर्षाचं भाडं ११,७६० रुपये, म्हणजे २,९४० रुपये वळते करायचे. खर्च झाला ३८,००० रुपये. दरवर्षी वळते करत गेलो तर तेरा वर्षं लागतील. तोवर वाडा तरी राहील का आणि आम्ही तरी?

मालकांचीही बाजू आहे. एवढ्या भाड्यात दोन कौलंही बसत नाहीत आणि कायद्यानं मिळणारी वार्षिक चार टक्के वाढ म्हणजे आमच्या घरटी महिन्याला सहा-सात रुपये. पण म्हणून वाडा कुजवून महापालिकेच्या धोकादायक इमारतीच्या नोटिशीची वाट बघत बसायचं, हा न्याय नव्हे.

अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या मुलामुलींनी कलम १४ च्या भरवशावर राहू नये. ते भाडेकरूंसाठी आहे आणि कायद्याच्या लेखी ही मंडळी भाडेकरू नव्हेत. गळती, गीझर, पंप यांची जबाबदारी कोणाची, ते करार नोंदवण्याआधीच त्यात लिहून घ्यावं.

माझी मागणी एवढीच: पुण्याच्या आमदारांनी ही चतुर्थांशाची अट येत्या अधिवेशनात विधानसभेत काढावी. निदान छप्पर, जिना, सांडपाणी अशा जिवावर बेतणाऱ्या कामांना तरी ती लागू नसावी. भाड्यातून न फिटणारा खर्च महापालिकेनं मालकाच्या मिळकतकराच्या बिलात चढवून वसूल करावा आणि भाडेकरूला द्यावा.

आपला,
एक निवृत्त टपाल कर्मचारी,
नारायण पेठ, पुणे